वाडग्याची डावी बाजू

मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेले तो जानेवारी होता. तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो. दोन दिवस झड लागलेली, माझं नाक चोंदलेलं, घसा धरलेला. संध्याकाळी मुलगी कामावरून आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, स्वेटर चढव. फो खायला जाऊ, सर्दी मोकळी होईल."

स्टोरी रोडवरचं ते व्हिएतनामी दुकान लहानसं होतं. एका अंगाला लाँड्री, दुसऱ्या अंगाला केस कापायचं दुकान. आत दहा-बारा टेबलं. कोपऱ्यातल्या टेबलावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा दप्तर पसरून गणितं सोडवत होता. गल्ल्यावर त्याची आई, आत शेगडीपाशी वडील, आणि मागच्या दाराजवळ आजी परातीत मुगाचे मोड निवडत बसलेली. पाच मिनिटं झाली नसतील तोच फोचा, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेल्या रश्शाचा, घरच्या पातेल्याएवढा वाडगा समोर आला. वाफ तोंडावर आली आणि चोंदलेल्या नाकातूनही एक वास आत शिरला. बाद्यान. मागोमाग दालचिनी, मसाला वेलदोडा, भाजलेला कांदा. दुर्ग-भिलाईकडे, मोहन नगरच्या आमच्या घरी गोडा मसाला भाजायला घेतला की शेजारी विचारतात, "आज मसाला का?" तसा वास.

मग त्या बाईंनी वाडग्याच्या डाव्या अंगाला एक ताटली आणून ठेवली. मुगाचे लांब पांढरे मोड, तुळशीसारख्या पानांच्या डहाळ्या, लिंबाच्या फोडी, हिरव्या मिरचीच्या चकत्या. मुलगी म्हणाली, "आई, हे तसंच नाही खायचं. वाडगा तुझा तू पूर्ण करायचा."

मी त्या ताटलीकडे बघत राहिले. ही तर पानाची डावी बाजू!

आपल्याकडे पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे असतं. भाजी, आमटी उजवीकडे. उजवी बाजू रांधणारीने आपल्या अंदाजाने तयार केलेली असते. डावी बाजू जेवणाऱ्याच्या हाती सोपवलेली असते. कुणाला आंबट जास्त लागतं, कुणाला तिखट सोसत नाही. ज्याने त्याने आपला घास आपल्या जिभेला जुळवून घ्यायचा. व्हिएतनामी घरगुती खाणावळीतलं जेवण याच रीतीवर उभं आहे. एवढी गोष्ट धरून ठेवली की तिथलं लांबलचक मेन्यूकार्ड परकं वाटत नाही. दुर्ग-भिलाईतल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिकेत आहेत आणि आईवडील वर्षाआड जाऊन येतात. त्या पाहुण्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही माणसं तिथे आली कशी

30 एप्रिल 1975 रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या ताब्यात गेली आणि युद्ध संपलं. त्या एका वर्षात सव्वा लाखाच्या आसपास व्हिएतनामी माणसं अमेरिकेत आली. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनसारख्या लष्करी तळांवर त्यांना आधी तंबूंत ठेवलं होतं. 1978 नंतर दुसरी लाट उसळली. ही माणसं मासेमारीच्या लहान होड्यांमधून समुद्रात उतरली. मलेशियातलं पुलाउ बिडाँग, इंडोनेशियातलं गलांग, हाँगकाँग अशा ठिकाणच्या छावण्यांत महिने-वर्षं काढून ती पुढे गेली. वाटेत किती जण बुडाले त्याची मोजदाद कधीच झाली नाही.

सॅन होजेच्या परिसरात तेव्हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने वाढत होते. सर्किट बोर्डावर बारीक भाग जोडायला कुशल बोटं लागत, इंग्रजी थोडं कमी असलं तरी चालून जाई. तिथे काम मिळालं, मग भाऊ आला, मामा आला, गावची माणसं आली. आज त्या शहरात एक लाखाहून जास्त व्हिएतनामी राहतात. व्हिएतनामच्या बाहेर कुठल्याही एका शहरातली ही सर्वांत मोठी वस्ती. स्टोरी रोडच्या भागाला लिटल सायगाव म्हणतात ते उगीच नाही.

निर्वासिताला नव्या देशात पहिला धंदा खाण्याचाच का सुचतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. जुन्या पदव्या तिथे चालत नाहीत, भांडवल नसतं, कर्ज कुणी देत नाही. पण रांधणं येतं, घरात चार जोडी हात असतात आणि आपल्या चवीला आसुसलेली आपलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून तयार असतात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं उल्हासनगरला, नागपूरला, आमच्या रायपूर-दुर्गला आली तेव्हा त्यातल्या कित्येकांनी हातगाडी आणि मिठाईपासूनच सुरुवात केली. छत्तीसगडमधल्या मैनपाटला आणि गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांच्या वसाहती आहेत. तिथेही घरच्या घरी मोमो आणि थुक्पा करून खाऊ घालणारी कुटुंबं भेटतात. सॅन होजेत 1980 च्या दशकात हेच घडलं. फो होआ नावाची आज अनेक देशांत पोचलेली साखळी 1983 साली याच शहरातल्या एका दुकानापासून सुरू झाली. ली कुटुंबाने खाद्यगाडीवर पाव विकायला सुरुवात केली आणि त्यातून ली'ज सँडविचेस उभी राहिली. मात्र बहुतेक दुकानं एका कुटुंबाची, एका भिंतीआडची राहिली, आणि खरी चव तिथेच सापडते.

पाट्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या अनेक फोच्या दुकानांच्या नावात आकडा असतो: फो 54, फो 75. तो बऱ्याचदा सालाचा असतो. 1954 साली देशाची फाळणी झाली, 1975 साली देश सुटला. कुटुंबाने आपलं घर कधी सोडलं, ते दारावरच लिहून ठेवलेलं असतं.

आम्हा भिलाईकरांना ही भाषा कळते. 1955 साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओडिशातून माणसं इथे आली. मराठी माणसं तर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात आहेत. आमची मुलं इडली, माछेर झोल आणि छोले एकाच गल्लीत खाऊन मोठी झाली. आमच्यावर कुणी घर सोडायची वेळ आणली नव्हती, हा फरक मोठा आहे. पण दूरच्या गावी आलेला माणूस आपली चव किती जपतो, ते आम्ही शेजारी राहून पाहिलं आहे.

रस्सा

पाटीवर फो वाचतात, पण म्हणताना 'फ' लांबवायचा आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा स्वर वर न्यायचा. हा पदार्थ उत्तर व्हिएतनामचा, हनोई आणि नाम दिन्ह या भागातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आलेला. त्याच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. कुणी फ्रेंचांच्या मांस-भाज्यांच्या उकडीकडे बोट दाखवतं, कुणी चिनी फेरीवाल्यांच्या शेवयांच्या वाडग्याकडे. भातशेतीत बैल आणि रेडे नांगराला लागत, त्यामुळे तिथला शेतकरी गुरं सहसा कापत नसे. फ्रेंच आले तेव्हा गोमांसाची मागणी वाढली आणि उरलेल्या हाडांचा रस्सा रस्त्यावर आला, असं मानलं जातं.

रस्सा करायची रीत मात्र सगळीकडे एक आहे आणि ती धीराची आहे. हाडं आधी जोरात उकळून ते पहिलं पाणी फेकून देतात, म्हणजे मळी निघून जाते. मग नवं पाणी घालून मंद आचेवर सहा-आठ तास, कुठे रात्रभर, नुसतं शिजत ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही. फुटली की रस्सा गढूळ होतो. वर येणारा फेस काढत राहायचा. कांदा आणि आलं सालीसकट थेट जाळावर भाजायचं, आपण भरताचं वांगं भाजतो तसं, काळी साल खरवडून टाकायची आणि आतला गोड, धुरकट गर रश्शात सोडायचा. बाद्यान, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा, धणे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधून घालायचे. शेवटी माशांचं खारवण आणि खडीसाखर.

यातलं बाद्यान मूळचं तिकडचंच. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामचा लांग सोन प्रांत ही त्या झाडाची जागा. आपण वाण्याकडून बाद्यान आणि जाड सालीची दालचिनी आणतो, तीही बऱ्याचदा व्हिएतनाम किंवा चीनकडून आलेली असते. म्हणून तो वास मला ओळखीचा वाटला यात आश्चर्य नाही. फरक एवढाच की आपण मसाला कुटतो आणि तो आमटीत विरघळून जातो. तिथे तो अख्खा राहतो, आपलं काम करतो आणि बाहेर काढला जातो. मागे उरतो तो पाण्यासारखा स्वच्छ, सोनेरी रस्सा. वाडग्याचा तळ दिसावा, अशी त्याची परीक्षा.

वाडगा भरण्याचं काम काही क्षणांचं. तांदळाच्या शेवया लांब दांड्याच्या झाऱ्यात धरून उकळत्या पाण्यात बुडवायच्या, वाडग्यात ओतायच्या, वर मांसाचे कागदासारखे पातळ काप, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि त्यावर कडकडीत रस्सा. काप वाडग्यातच शिजतात.

आमच्या घरी गोमांस चालत नाही, म्हणून मी फो गा, म्हणजे कोंबडीचा फो मागवते. इथे एक गोष्ट विचारून घ्यावी. काही दुकानांत वर कोंबडी असते पण खालचा रस्सा गोमांसाचाच असतो. "रस्सासुद्धा कोंबडीचा आहे ना?" असं आधी विचारलं तर कुणाला राग येत नाही. ज्यांच्याकडे दोन पातेली असतात ते अभिमानाने सांगतात.

ताटली कुठून आली

आता डाव्या बाजूकडे येऊ. हनोईच्या जुन्या पद्धतीच्या फोबरोबर ही भरगच्च ताटली नसते. तिथे वाडगा साधा. फार तर लिंबू, मिरची, लसणाचा व्हिनेगर. 1954 साली जिनिव्हा करारानंतर सतराव्या अक्षांशावर देश दुभंगला आणि आठ-दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्यांच्याबरोबर फो सायगावला पोचला. दक्षिणेत उष्ण हवा, मेकाँग नदीचा सुपीक गाळ, बारमाही भाजीपाला आणि साखरेची हौस. तिथल्या जेवणाऱ्याने उत्तरेच्या वाडग्याशेजारी आपला पाला मांडला, मोड मांडले, गोडसर काळी चटणी आणि तिखट लाल चटणी मांडली. वीस वर्षांनी तीच माणसं समुद्रापार गेली आणि ताटलीही गेली. विस्थापितांच्या एका प्रवासाने ती जन्माला घातली, दुसऱ्याने ती जगभर नेली.

नव्या देशात तिच्यात बदलही झाले. सायगावच्या बोटभर तिखट मिरचीऐवजी कॅलिफोर्नियात हालापेन्यो नावाची जाड मेक्सिकन मिरची आली. टेबलावरच्या बाटल्यांत कोंबड्याचं चित्र असलेली लाल बाटली असते, तिचा कर्ता डेव्हिड ट्रॅन. 1978 च्या डिसेंबरात तो हुए फाँग नावाच्या मालवाहू जहाजातून व्हिएतनाममधून निघाला. 1980 साली लॉस एंजलिसमध्ये चटणीचा धंदा सुरू केला तेव्हा त्याने त्याला त्या जहाजाचंच नाव दिलं.

पाल्याची ओळख करून घेण्यासारखी आहे. तुळशीसारखी दिसणारी जांभळ्या देठांची पानं म्हणजे आपल्या सब्ज्याच्या झाडाची भावकी; सब्जाचं बी ज्या झाडाचं, त्याच जातीचा हा एक वाण, वास बडीशेपेसारखा. कातरलेल्या कडांची लांब पानं असतात त्यांना कोथिंबिरीचाच, पण दुप्पट उग्र वास असतो.

रीत अशी: आधी काहीही न घालता दोन चमचे रस्सा प्यायचा. कुणीतरी रात्रभर राखलेला तो रस्सा आहे. त्याची चव न घेता त्यात बाटल्या ओतणं म्हणजे आमटी न चाखता मीठ घेणं. मग मोड गरम रश्शात खाली दाबायचे म्हणजे कच्चेपणा जातो. पानं देठावरून खुडून, हाताने फाडून टाकायची. लिंबू थोडं थोडं. काळी-लाल चटणी मी वाडग्यात घालत नाही, लहान वाटीत घेऊन मांसाचा तुकडा तिच्यात बुडवते. रस्सा स्वच्छ राहतो. माझ्या मुलीचा वाडगा लालभडक असतो, माझा फिका, जावयांचा आंबट. एकाच पातेल्यातले तीन वाडगे, तीन चवींचे.

तांदळाची मावसभावंडं

छत्तीसगडला धान का कटोरा म्हणतात. इथल्या माणसाने व्हिएतनामी मेन्यूकार्डात 'कम' आणि 'बान' हे दोन शब्द शोधावे. कम म्हणजे शिजलेला भात. तिकडे ख्यालीखुशाली विचारायची ती "भात जेवलात का?" अशीच. आपण दारात आलेल्याला "जेवलात का?" म्हणतो, त्यापेक्षा हे वेगळं नाही.

त्यात 'कम ताम' दिसलं तर जरूर मागवावं. कम ताम म्हणजे कणीचा भात. गिरणीत धान भरडताना तुटलेला तांदूळ, ज्याला आमच्याकडे कनकी म्हणतात, तो मेकाँगच्या खोऱ्यातले गरीब शेतकरी आणि हमाल खात. अख्खा तांदूळ विकायला जाई. हळूहळू सायगावच्या रस्त्यांवर हाच भात नावारूपाला आला आणि आता लोक तो आवडीने मागून खातात. वर निखाऱ्यावर भाजलेलं मांस, काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि आंबटगोड पाणी. कणी रवाळ शिजते, ते पाणी धरून ठेवते. माझी आई कणीची पेज करायची आणि पाहुणे आले की अख्ख्या तांदळाचा भात लावायची. सॅन होजेत त्या कणीसाठी लोक रांगेत उभे असलेले पाहिले तेव्हा मला तिची फार आठवण झाली.

बान म्हणजे पिठापासून केलेला कुठलाही पदार्थ. बान सेओ हे तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाच्या दुधाचं मोठं, कडेला कुरकुरीत घावन. सेओ म्हणजे तव्यावर पीठ पडताना होणारा चर्र आवाज. आमच्या शेजारच्या छत्तीसगडी घरांत चीला होतो तेव्हाही असाच आवाज येतो. बान कुओन म्हणजे पातेल्यावर ताणून बांधलेल्या कापडावर, वाफेवर शिजवलेली तांदळाची पारदर्शक पोळी, आत सारण. इथला वाफवलेला फरा तिचा लांबचा नातलग. आणि गोई कुओन नावाच्या न तळलेल्या गुंडाळ्या ज्यात बांधतात तो तांदळाचा कागद पाहिला तर विदर्भातल्या कुठल्याही घरची बाई म्हणेल, या तर सालपापड्या! कापडावर वाफवून, सोलून उन्हात वाळवायच्या, कृती तीच. नीट पाहिलं तर त्या कागदावर बारीक चौकटीचे ठसे असतात. ज्या बांबूच्या जाळीवर तो वाळला तिच्या विणीचे.

इथेही शेवटचा हात जेवणाऱ्याचाच. बान सेओ नुसतं तोडून तोंडात टाकत नाहीत. त्याचा तुकडा लेट्यूसच्या पानावर ठेवायचा, पुदिना, सब्ज्याची पानं घालायची, विडा बांधावा तसं गुंडाळायचं आणि आंबटगोड पाण्यात बुडवून खायचं. म्हणून बान सेओबरोबरचा पाला घावनापेक्षा जास्त दिसतो.

पाव आणि कॉफी

पोर्तुगीजांनी पाव आणला आणि आपण त्यात वडा घातला. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांनी लांब पाव आणला आणि तिथल्या माणसांनी त्याची बान मी केली. बान म्हणजे पिठाचा पदार्थ, मी म्हणजे गहू. फ्रेंच लोक पाव, मांस, लोणी असं ताटात वेगळं वेगळं मांडून खात. ते सगळं पावाच्या पोटात घालून हातात देण्याचं श्रेय सायगावातल्या होआ मा या दुकानाला देतात. 1954 नंतर हनोईहून आलेल्या एका जोडप्याने ते 1958 साली उघडलं. कामावर घाईने जाणाऱ्या माणसाला बसून खायला वेळ नव्हता, ही त्यामागची गरज. दादरच्या स्टेशनाबाहेर वडापावाची पहिली गाडी लागली ती अशाच माणसांसाठी.

बान मीत मांस असो वा टोफू, व्हिनेगर आणि साखरेत मुरलेलं गाजर-मुळ्याचं लोणचं, काकडी, कोथिंबीर आणि मिरची हवीच. पाव वरून इतका कुरकुरीत की चावताना कपच्या मांडीवर पडतात. पानाची डावी बाजू इथे पावाच्या आत गेलेली असते; मिरची किती, तेवढं मात्र आधी सांगता येतं.

फ्रेंच मिशनऱ्यांनी 1857 साली कॉफीचं रोप नेलं आणि आज ब्राझीलच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त कॉफी व्हिएतनाम पिकवतं, बहुतेक रोबस्टा जातीची, कडक आणि कडवट. ग्लासावर ठेवलेल्या पत्र्याच्या लहान गाळणीतून ती थेंब थेंब उतरते. ताजं दूध दुर्मीळ होतं म्हणून डब्यातलं आटीव दूध तळाशी घालायची सवय लागली ती कायमची. भिलाईच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये ज्यांनी आयुष्यभर फिल्टर कॉफी घेतली, त्यांना ही गाळणी लगेच आपली वाटेल. फक्त घाई करू नये. शेवटचा थेंब उतरेपर्यंत बसून राहायचं असतं.

शाकाहारी माणसाने काय करावं

मुलीचे बाबा शाकाहारी. पहिल्या खेपेला एका दुकानात त्यांनी टोफू आणि भाज्यांचा भात मागवला. पहिल्याच घासाला त्यांना माशाचा वास आला आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. चूक कुणाचीच नव्हती. आम्ही विचारलं नव्हतं. व्हिएतनामी स्वयंपाकात मिठाच्या जागी नुओक माम असतं. लहान मासे आणि मीठ लाकडी पिंपात थरावर थर घालून महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा, मुरवतात आणि खाली झिरपणारं तांबूस पाणी बाटलीत भरतात. त्यात लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची मिसळली की टेबलावरचं ते आंबटगोड पाणी तयार होतं. भाजीत, लोणच्यात, कुठेही हे असू शकतं. "मांस नको" एवढं सांगून म्हणूनच भागत नाही.

यावर एकच शब्द पुरतो, आणि तो लक्षात राहायला अगदी सोपा: चाय. व्हिएतनामी भाषेत चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचा शाकाहार. तिथले बरेच बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्येला आणि पौर्णिमेला, मांस-मासे खात नाहीत. आपली एकादशी असते तसं. कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात, म्हणजे आपला चातुर्मासच. म्हणून व्हिएतनामी वस्तीत नुसती चाय पाटीची दुकानंही असतात. तिथे मुळा, गाजर, अळिंबी आणि कधी नासपतीचा रस्सा त्याच बाद्यान-दालचिनीत सिद्ध होतो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही अशा दुकानात गेलो. मुलीच्या बाबांनी वाडगा रिकामा केला, लिंबाची उरलेली फोडही पिळून घेतली आणि म्हणाले, "कटाच्या आमटीसारखा वास आहे गं." याहून मोठी दाद त्यांच्याकडून मिळत नाही.

दुकानातली रीत

दाराजवळ जमिनीवर लाल रंगाचं देवघर दिसेल. दोन म्हाताऱ्या देवांच्या हसऱ्या मूर्ती, फळं, उदबत्ती, कधी कॉफीचा पेला. एक भूमीचा देव, दुसरा धनाचा. ते दाराकडे तोंड करून बसलेले असतात, आणि जमिनीच्या देवाला जमिनीवरच मान. आपण गल्ल्यामागे लक्ष्मी-गणपती लावतो, तोच भाव.

पदार्थांना बहुधा आकडे असतात. उच्चार जमला नाही तर आकडा सांगावा. चहा मागावा लागत नाही, बऱ्याच ठिकाणी तो आपोआप येतो. जेवण झाल्यावर बिलाची वाट पाहत बसण्यापेक्षा गल्ल्यावर जाऊन पैसे द्यावे. गर्दीच्या वेळी टेबल अडवू नये. या धंद्यात वाडग्यामागे नफा थोडा असतो आणि टेबल फिरलं तरच घर चालतं. अमेरिकेत वाढणाऱ्याला वर काही देण्याची रीत आहे, ती पाळावी. काही घरगुती दुकानं रोखच घेतात, म्हणून थोड्या नोटा जवळ असाव्यात.

मला सर्वांत भावलं ते त्यांचं हाक मारणं. व्हिएतनामी भाषेत 'तू-तुम्ही' असं सरसकट चालत नाही. समोरच्याचं वय पाहून नातं लावायचं: लहान भावंड असेल तर एम, मोठी बहीण ती ची, आत्याच्या वयाची ती को, वडिलांहून मोठा तो बाक. अनोळखी वाढणारी मुलगीही एम असते. आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो तेव्हा हेच करत असतो. माझी मुलगी गल्ल्यावरच्या बाईंना "ची" म्हणते आणि त्या तिच्या वाडग्यात पातीचे पांढरे कांदे दोन जास्त टाकतात.

परतायच्या आधी दुपारच्या निवांत वेळी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. आजी तिथेच होती, परात मांडीजवळ, मोडांच्या शेपट्या नखाने तोडत. मी न विचारता समोर बसले आणि मूठभर मोड पुढ्यात ओढले. मेथी निवडायला दोघी बसल्या की जसं चालतं तसं चालू झालं. आमची एकही भाषा जुळत नव्हती. थोड्या वेळाने नातवाने वही मिटली आणि आजीचा प्रश्न इंग्रजीत सांगितला: तुमच्याकडे हे मोड कशात घालता? मी म्हटलं, आम्ही मोड इतके वाढू देत नाही, आखूड असतानाच त्यांची उसळ करतो, आणि वरून लिंबू, कांदा, कोथिंबीर ज्याची त्याने घ्यायची. त्याने ते आजीला सांगितलं. तिने मान डोलावली, आणि समोरच्या ताटलीतली लिंबाची फोड उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

मोहन नगरला आल्यावर रविवारी मुगाची उसळ केली. पान मांडताना सगळ्यांत आधी मीठ वाढायचं, मग लिंबाची फोड, मग बाकीचं, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तीस वर्षं मी ते नियम म्हणून पाळत होते. आता मीठ वाढताना कळतं की पानात पहिली जागा आपण जेवणाऱ्याच्या हाताला देतो आहोत. रांधलेलं सगळं त्यानंतर येतं.